वापरणारे तीन

विनंती इंग्रजीत होती, अकरा ओळींची, आणि तिच्याखाली नाव होतं अनिमेषचं.

दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर सुचेताबाईंनी मनातल्या मनात चार शिव्या हासडून पान मिटवलं असतं. पण अनिमेष! भिवंडीच्या ब्राह्मण आळीतला, त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा, त्यांच्याच स्वयंपाकघरात उभ्याने थालीपीठ खाऊन परीक्षेला पळणारा अनिमेष. चार वर्षांपूर्वी बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ‘वीण’ त्यांनी त्याच्या हवाली केली होती. “सांभाळ रे बाबा,” एवढंच म्हणाल्या होत्या. “मॅडम, काळजीच सोडा,” असं तो म्हणाला होता. त्यांनी सोडली. आणि आता हाच पठ्ठ्या चारचौघांत लिहीत होता की वीण काढून टाकावी.

वीण हा सुचेताबाईंनी लिहिलेला प्रोग्राम. पडद्यावर चौकटी भरून कापडाची नक्षी काढायची, की मागावर नक्षी उचलणाऱ्या डॉबी नावाच्या यंत्राच्या कुठल्या पट्टीत, कुठल्या भोकात खुंटी ठोकायची त्याचा कागद छापून मिळतो. याच कामासाठी पूर्वी डिझाईन मास्तर चौकटीच्या वहीवर दोन दोन दिवस डोळे फोडायचा, आणि एक खुंटी चुकली की कापडाचा अख्खा ताका वाया. बाई तेव्हा एका खासगी तंत्रशाळेत संगणक शिकवायच्या. सुट्टीत, सणावारी, भाजी निवडता निवडता त्यांनी ही वीण उभी केली आणि कामतघरापासून निजामपुऱ्यापर्यंत कारखान्याकारखान्यांत स्वतःच्या हाताने बसवली. फुकट.

वीण जिच्यावर चालायची ती ऑपरेटिंग सिस्टीमही फुकटच. कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हे, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून चालवलेली. त्यांचं एक भांडार असतं. त्यात हजारो प्रोग्राम पॅकेज करून ठेवलेले, कुणीही नाव टाकावं आणि घरबसल्या उतरवून घ्यावं. पण तिथे शिरकाव सोपा नसतो. तपासणी होते, आणि आत गेल्यावरही त्या पॅकेजची जबाबदारी कुणीतरी अंगावर घ्यावी लागते. अकरा वर्षांपूर्वी वीण त्या भांडारात गेली, सुचेताबाईंच्या नावासकट, तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. निम्म्या लोकांना वाटलं, बाईंना नात झाली.

भांडाराच्या साइटवरचं हे विनंतीचं पान त्यांना सापडलं तेही उन्नतीच्या फोनमुळे. उन्नती ही कामतघरच्या हिरामण शेठची सून, वीण वापरण्यात बाईंच्या तालमीत तयार झालेली. ती म्हणाली होती, “मॅडम, नवा कंप्यूटर आणलाय. थोड्या दिवसांनी वीण दिसणार नाही, काढणार आहेत, असं काहीतरी लिहून येतंय.” बाईंनी शोधलं, आणि ही अकरा ओळींची भेट मिळाली. मूळ लेखिकेकडून चार वर्षांत नवी आवृत्ती नाही. ज्या जुन्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, वीण उभी आहे तीच आता निघणार. विचारलेल्या प्रश्नांना उत्तर नाही. आणि शेवटची ओळ: वापरणारे तीन.

तीन! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला.

“केसाने गळा कापलास की रे माझा.”

“मॅडम,” अनिमेष म्हणाला, “दोन वर्षांनी फोन आला तुमचा. सात मेल लिहिले मी.”

“कुठे?”

“तंत्रशाळेच्या पत्त्यावर.”

तो पत्ता बाईंच्या निवृत्तीबरोबरच बंद झाला होता. नवा पत्ता अनिमेषला कळवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण रागाच्या भरात माणूस असल्या गोष्टी हिशेबात धरत नाही. “फोन करता येत नव्हता?” त्या म्हणाल्या.

“केला होता. तात्यांनी उचलला, म्हणाले पुन्हा पट्टी बांधलीय डोळ्यांना. मग मीच म्हटलं, नको त्रास द्यायला.” तो थोडा थांबला. “मॅडम, ऐका. त्या जुन्या लायब्ररीवर आठ पॅकेजेस टेकून होती. सात जणांनी आपापलं सुधारून घेतलं. राहिली आपली वीण. तिच्या एकटीसाठी ती लायब्ररी ठेवायची, तर तिच्यातली भोकं बुजवत कुणी बसायचं? सगळी फुकट राबणारी माणसं आहेत. दोनदा ही विनंती दुसऱ्यांनी टाकली होती, दोन्ही वेळा मी भांडून मागे घ्यायला लावली. या वेळी मलाच लाज वाटली.”

“मग वीण सुधार की! येतं ना तुला?”

“येतं. सहा रविवारांचं काम आहे. पण कुणासाठी करू ते सांगा. मोजणीत तीन मशीन दिसतात. एक माझं, एक तुमचं, आणि तिसरं तुमचंच जुनं असणार.”

“अरे, नुसत्या भिवंडीत चाळीस कारखान्यांत चालते ती.”

“मग ते मोजणीत का नाहीत?”

सिस्टीम बसवताना ती एकदा विचारते, तुमचा वापर मोजणीत धरू का म्हणून. हो म्हटलं तरच धरते. लोक घाईत नाही म्हणत असतील, असं त्या काहीतरी पुटपुटल्या.

“एकवीस दिवस ते पान उघडं आहे,” अनिमेष म्हणाला. “पाच जणांनी येऊन ‘आम्ही वापरतो’ एवढी एक ओळ लिहिली, तरी मी विनंती मागे घेतो आणि कामाला लागतो.”

“पाच? पन्नास आणते,” बाई म्हणाल्या आणि फोन आपटला.

आतल्या खोलीतून तात्यांचा आवाज आला, “लिहिणार नाहीत गं.”

तात्या म्हणजे बाईंचे वडील, वय वर्षं शहाऐंशी. कान शाबूत, आणि नको तिथे जास्तच. उमेदीच्या काळात ते सरकारी मोजणीवर कारकून होते, हातात वही घेऊन गल्लीगल्लीत माग मोजत फिरायचे. त्यांच्या गोष्टी बाईंनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. तात्या गल्लीच्या तोंडाशी आले की खटखट निम्मी व्हायची, शटर खाली यायची, आणि बारा मागांचा मालक कपाळाला हात लावून म्हणायचा, साहेब, सहाच आहेत हो, त्यातले दोन बंद. जास्त दिसले की कुणीतरी काहीतरी मागायला येणार, हे इथल्या माणसाच्या रक्तात भिनलेलं.

“तात्या, ते माग मोजणं होतं,” बाई चपला घालत म्हणाल्या. “इथे फक्त ‘वापरतो’ म्हणायचंय. आणि मला म्हणायचंय. मी काय सरकार आहे?”

हिरामण शेठच्या कारखान्यात त्यांचं स्वागत नेहमीसारखंच झालं. हिरामण मूळचा खाडीकाठचा शेतकरी. जमिनीवर शेड उभ्या राहिल्या, शेडमध्ये माग आले, तरी गडी बाईंसमोर अजून टोपी काढून उभा राहायचा. माग धडधडत होते, हवेत कापसाची भुकटी तरंगत होती, आणि तो त्या आवाजावर ओरडून बोलत होता.

“या म्याडम, या! उन्नती, चाय टाक गो! वीण न्हाय त हिरामण न्हाय, लिवून घ्या!”

“तेच लिहून हवंय,” बाई म्हणाल्या आणि सगळं समजावून सांगितलं.

हिरामणने शांतपणे ऐकलं. “त्या पानाव काय काय दिसंल?”

“तुमचं नाव. वीण वापरता, एवढंच.”

“आनि कोनाला दिसंल?”

“कुणालाही. सगळ्या जगाला.”

“जगाला!” हिरामण मोठ्याने हसला. “म्हंजे आमी फेमस. लिवतो की म्याडम. उद्याच लिवतो. आवो, तुमच्यासाठी न्हाय लिवाचा त कोनासाठी?”

बाई तिथून रामनाथकडे गेल्या, काळूरामकडे गेल्या, चिंधू शेठकडे गेल्या. तीन दिवस रिक्षाने आणि पायी, कमरेला पट्टा बांधून. सगळीकडे चहा झाला, सगळीकडे शब्द मिळाला. चिंधू शेठने तर पोह्यांवर बसवलं. बाई मोजत होत्या: एकोणीस जण. घरी येऊन त्यांनी तात्यांना आकडा सांगितला, जरा तोऱ्यातच. तात्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी विनंतीखालचं पान कोरं होतं. सहाव्या दिवशीही कोरं. बाईंनी हिरामणला फोन केला, तर तो वज्रेश्वरीला गेला होता. रामनाथचं नेट चालत नव्हतं. काळूरामच्या पोराला परीक्षा होती. आठव्या दिवसापासून बाई पान सकाळी बघायच्या, जेवण झाल्यावर बघायच्या आणि दिवेलागणीला बघायच्या. बाराव्या दिवशी एक ओळ दिसली तेव्हा त्यांनी घाईघाईने चष्मा लावला. जर्मनीतल्या कुणीतरी विचारलं होतं, हे पॅकेज नक्की कशासाठी असतं?

सोळाव्या दिवशी, शुक्रवारी, त्या न सांगता कामतघरला गेल्या.

शुक्रवारी माग बंद असतात. एरवी जिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथे चपलांचा आवाज ऐकू येत होता. हिरामणच्या कारखान्यात पुढच्या खोलीत उन्नती नव्या कंप्यूटरसमोर बसली होती. बाई दारातच थांबल्या. पडद्यावर चौकटी होत्या, नक्षी होती, पण वीण नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, चकचकीत, कोपऱ्यात कुठल्या तरी कंपनीचं चिन्ह असलेलं.

“हे काय गं?”

उन्नती उभी राहिली. “सुरतचा माणूस आला होता मॅडम. त्याने टाकून दिलं. कुलूप तोडलेली कॉपी आहे.” तिने मान वर केली नाही. “मी लिहिलं होतं मॅडम, शपथ. तुम्ही गेलात त्याच दिवशी. पाठवायच्या आधी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुस.”

“आणि बाकीचे? रामनाथ, चिंधू, ते एकोणीस जण?”

उन्नती हळूच म्हणाली, “बाबा सगळीकडे जाऊन आले. कुणी काही लिहू नका, म्हणून.”

अनिमेषचं नाव त्या पानावर पाहिलं तेव्हा त्या संतापल्या होत्या. आताचं हे वेगळं होतं. आता त्यांना बसायला खुर्ची हवी होती.

तेवढ्यात आतून हिरामण आला. बाईंना पाहून त्याने टोपी काढली, नेहमीसारखीच.

“म्याडम, रागावू नका.”

“तुम्ही माझ्या तोंडाला पानं पुसलीत हिरामण शेठ. नाही म्हणायचं होतं तर त्याच दिवशी तोंडावर म्हणायचं.”

“तुमाला न्हाय कसं बोलाचं?” हिरामण खरोखरच गोंधळून म्हणाला. “आनि आपली वीण कुठं जातेय? जुन्या मशीनवर हाय ना. चालतेय. उगा नाव कशाला उघड्यावर टाकाचं? आज नाव इचारतील, उद्या लूम किती ते इचारतील. दोन वर्सांमागं त्या पोराचाबी फोन आलता. काका, वीण वापरता का, किती मशीनवर? मी बोल्लो, आमच्यात कंप्यूटरच न्हाय.”

“अनिमेषला? अहो, तो आपला मुलगा! ब्राह्मण आळीतला!”

“त्यो आपला. पन त्याच्या वहीत कोन कोन बघतं, ते आपल्याला काय ठावं?”

आता मात्र बाईंचा बांध फुटला. “अकरा वर्षं! अकरा वर्षं मी तुमच्या दारात येतेय. गौरीच्या दिवशी तुमचं मशीन बंद पडलं तेव्हा घरचा स्वयंपाक टाकून आले होते. एक पैसा घेतला नाही. आणि तुम्हाला माझ्यासाठी एक ओळ लिहवली नाही? शरम नाही वाटत?”

हिरामणला राग आला नाही, तेच वाईट. तो भिंतीकडे वळला आणि म्हणाला, “म्याडम, तुमीच शिकवलात ना?”

भिंतीवर एक कागद होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, पिवळा पडलेला. दर दसऱ्याला मागांची पूजा होते तेव्हा कंप्यूटरचीही व्हायची, आणि कंप्यूटरबरोबर त्या कागदाचीही. अकरा दसऱ्यांचं हळदकुंकू त्यावर थरावर थर बसलं होतं. बाईंनी चष्मा वर केला. अक्षर त्यांचंच होतं. सिस्टीम कशी बसवायची त्याच्या आठ पायऱ्या, हाताने लिहिलेल्या. चौथी पायरी कुंकवातून जेमतेम वाचता येत होती.

४. ‘तुमचा वापर मोजणीत धरू का?’ असं विचारेल. ‘नाही’ म्हणा. काही बिघडत नाही.

‘काही बिघडत नाही’च्या खाली दोन रेघा होत्या.

बाईंना तो दिवस आठवला. हेच टेबल, हीच खोली. तो प्रश्न पडद्यावर आला, बाईंनी मराठीत सांगितला, आणि हिरामणने विस्तवाला हात लागल्यासारखा माऊस सोडला. ह्यो मोजतो काय? त्या मुकाट उठून गेल्या असत्या तर वीण भिवंडीत बसलीच नसती. हे मागांची संख्या मोजत नाही, नाव सांगत नाही, फक्त कुणीतरी वापरतंय एवढं कळवतं, हे समजावायला दहा मिनिटं लागली असती. पण जेवणाची वेळ झाली होती, पुढे रामनाथचं मशीन व्हायचं होतं, आणि माणसाचा विश्वास मिळवायचा होता. नाही म्हणा, त्या म्हणाल्या होत्या. मग तो कागद लिहिला. त्याच्या झेरॉक्स गल्लीगल्लीत गेल्या. चाळीस कारखान्यांनी बाईंचा शब्द पाळला होता, तंतोतंत.

त्या निघाल्या तेव्हा हिरामण दारापर्यंत आला. “म्याडम, तुमी आमचा नाव लिवनार न्हाय ना?”

बाई रिक्षा शोधत चालू लागल्या.

एकविसाव्या दिवशी दुपारी अनिमेषचा फोन आला. तात्या आरामखुर्चीत होते, आणि या वेळी वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर मिटलेलं होतं.

“मॅडम, पानावर ‘वापरतो’ची एकही ओळ नाही.”

“पाहिलं.”

“संध्याकाळी भांडारवाले वीण काढतील. पण मी तुमच्यासाठी थांबलोय. कुणी लिहिलं नाही तर नाही. तुम्ही एकट्या लिहा, भिवंडीत चाळीस कारखान्यांत चालते म्हणून. तुमचा शब्द मला पुरे. बाकीच्यांशी मी बोलतो. सहा रविवार माझे.”

बाईंना रडूच आलं. ज्याला त्यांनी गळेकापू म्हटलं तो एकटा त्यांच्या शब्दावर उभा होता, आणि ज्यांच्या जिवावर त्या त्याच्याशी भांडल्या त्यांनी पाठीत सुरा खुपसला होता. लॅपटॉप समोर उघडा होता. एक ओळ. भिवंडी, चाळीस. लिहिलं की वीण राहणार होती, आणि तिच्यावरचं त्यांचं नावही.

त्यांनी ‘भिवंडी’ लिहिलं आणि हात थांबला. टोपी हातात घेऊन दारात उभा असलेला हिरामण त्यांना दिसला. ज्यांना मी एका ओळीपुरतीही आपली वाटले नाही त्यांच्यासाठी मी का लिहू, हा राग त्यांच्या मनात होता. त्यांना नको असताना त्यांचा आकडा मी जगाला कसा सांगू, हेही होतं. दोन्हीतलं जास्त कुठलं ते त्यांना कळेना.

“मॅडम?”

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “इथे कुणी वापरत नाही.”

“मग ते चाळीस?”

“माझी मोजणी चुकली.”

तात्यांनी डोळे मिटून घेतले. ‘इथे काही नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात शेकडो दारांत ऐकलं होतं, घरात पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पानावर एक शेवटची ओळ आली, पॅकेज काढलं म्हणून, आणि पान बंद झालं.

मग दसरा आला. सकाळी अकराच्या सुमाराला बाईंच्या फोनवर हिरामणचा फोटो आला. मागांना झेंडूच्या माळा, नव्या कंप्यूटरला माळ, आणि त्याच्यावर भिंतीवरचा तो कागद, ताज्या कुंकवाने लाल झालेला. खाली लिहिलं होतं, म्याडम सगळा तुमच्यामुलं, पाया पडतो.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. चौथी पायरी आता अजिबात वाचता येत नव्हती. त्यांना पुष्कळ काही लिहायचं होतं. शेवटी एवढंच लिहिलं, “तो कागद आता काढून टाका.”

हिरामणचं उत्तर लगेच आलं.

“न्हाय म्याडम. तो कदीच न्हाय काढनार.”